वहिनीची पापणी

माझ्या वहिनीचे जेवढे फोटो निघालेत तेवढे एखाद्या राणीचेही निघाले नसतील, आणि त्यातला एकही घरात लावलेला नाही. मी वाढवून सांगत नाही. ते जवळजवळ सगळे रोल मी माझ्या हातांनी धुतलेत, तेव्हा याबाबतीत माझ्याशी कोणी वाद घालू नये.

माझा भाऊ कॅमेरे दुरुस्त करतो. खिशात मावणारे नव्हेत, मोठ्या फिल्मचे. त्यांची एकेक निगेटिव्ह बिस्किटाएवढी असते, नुसती उजेडासमोर धरली तरी आपला माणूस ओळखू येतो. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. मधल्या खोलीला मोठी खिडकी आहे. मागे पूर्वी अडगळ असायची, तिथे आता माझी डार्करूम आहे. दोन वर्षांचा संसार आटोपून मी परत आले तेव्हा नातेवाइकांत मला सल्ले देण्याची चढाओढ लागली होती. वहिनीने सल्ला दिला नाही. तिने अडगळ उपसली, खिडकीला काळा कागद चिकटवला आणि म्हणाली, "वन्सं, रडायचं असेल तर इथे रडा, बाहेर दिसणार नाही. रडून झालं की रोल धुवा." मी रोलच जास्त धुतले.

दादाचा एक नियम आहे. दुरुस्त झालेला कॅमेरा एक रोल काढल्याशिवाय घराबाहेर जात नाही. त्या रोलसाठी मधल्या खोलीत खिडकीशी एक उंच पाठीची लाकडी खुर्ची ठेवलेली, तिच्यापासून बरोबर सहा फुटांवर स्टँड, आणि खुर्चीत वहिनी. हातात पाटी, पाटीवर खडूने कॅमेऱ्याचं नाव आणि आकडा. पहिला फोटो भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवून. मग प्रत्येक फोटोला ते तोंड थोडं थोडं लहान करत जायचं. तोंड लहान केलं की उजेड कमी शिरतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. शेवटी शेवटी तर अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात समोरच्याने हलायचं नाही. त्यात काय मोठं, असं वाटत असेल तर आरशासमोर बसून बघा. श्वासानेसुद्धा माणूस किती हलतो ते कळेल.

सुरुवातीला दादा खुर्चीला वर्तमानपत्राचं पान टाचून त्याचे फोटो काढायचा. पण त्याचं समाधान होईना. "छापखान्यात शाई पसरते," तो म्हणाला, "पापणी पसरत नाही." तेव्हापासून पान गेलं आणि वहिनी आली. रोल धुऊन सुकला की तो निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि वहिनीच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या मोजायचा. एकेक केस सुटा दिसला तर कॅमेरा पास. "माझ्या पापण्या किती ते मला ठाऊक नाही," वहिनी म्हणायची, "ह्यांना मात्र पाढ्यासारख्या पाठ."

गंमत म्हणजे ही बाई मुळात एका जागी न बसणारी. माहेरी तिला भिंगरी म्हणत. पहिल्या रोलमध्ये तिला चार हात आणि दोन नाकं आली होती. दादा एवढंच म्हणाला, "तू हललीस." नव्या नवरीला हे लागलं. तिने सहा महिने घोर तपश्चर्या केली आणि नंतर अशी बसायला लागली की भिंतीने तिच्याकडून शिकावं. मी एकदा विचारलं, "बसतेस तेव्हा मनात काय चालतं गं?" म्हणाली, "भांडी घासते. मोठ्या पातेल्यापासून सुरू करते. चमच्यांपर्यंत आले की समजायचं, अर्धा सेकंद झाला." तिचं मन म्हणजे पाण्याचा नळ, कधी बंद नाही, पण चेहऱ्यावर एक थेंब दिसायचा नाही.

मी नवीन नवीन फार चिडायचे. एकदा दादाला सुनावलंही, "बायको आहे का मोजपट्टी?" दादा स्क्रू पिळत राहिला. वहिनीच माझ्यावर उखडली, "तुम्हाला कोणी विचारलं?" मी मुकाट्याने डार्करूमचं दार लावून घेतलं. नवरा-बायकोच्या मध्ये पडणाऱ्याचं तोंड पोळतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला अक्कल हप्त्याहप्त्याने येते.

तर ही हकीकत त्या खुर्चीची. चौतीस वर्षं बसलेल्या वहिनीला तिथून उठावं लागण्याची वेळ आली होती, आणि तिला काही झालं तरी उठायचं नव्हतं.

अलीकडे फिल्मचं काम कमी झालंय. पूर्वी रोज सकाळी दहाला खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा, आता महिना-महिना येत नाही. मधे तर चार महिने एकही रोल निघाला नव्हता. अशात एके सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बरोबर एक मोठी पिशवी, पिशवीत त्यांच्या वडिलांचे तीन कॅमेरे. बाई नुकत्याच निवृत्त झालेल्या.

"मला एकच ठेवायचाय," त्या म्हणाल्या. "बाकीचे दोन कुणा शिकणाऱ्याला देऊन टाकेन. हातात कुठला बरा आणि फोटो कुठल्याचा बरा, तेवढं सांगा. चाळीस वर्षं लोकांची तोंडं उघडी बघितली, आता जरा मिटलेली बघायचीत."

दादाचा चेहरा असा उजळला की मला त्याची दया आली. तीन कॅमेरे, एकच खिडकी, एकच वहिनी. आत वहिनीनेही ऐकलं होतं. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि विचारलं, "कधी बसायचं?"

दोन दिवस दादा नुसते कॅमेरे हाताळत होता. त्यांना नावं वहिनीने ठेवली. पहिला दोन डोळ्यांचा. ह्याला एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरच्याने आपण बघायचं, खालचं फोटो घेतं. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून दुधी काचेत बघायचं. वजन किलोभर. काचेत उजवं-डावं उलटं दिसतं, त्यामुळे नवखा माणूस समोरच्याला गाठायला भलतीकडेच वळतो. शटरचा आवाज कुलपात किल्ली फिरल्याएवढा.

दुसरा ठोकळा. एकच भिंग, आत आरसा. भिंग बदलता येतं, मागची फिल्मची डबी अर्ध्या रोलवर काढून दुसरी लावता येते. हातात विटेसारखा बसतो, आणि बसला की सोडवत नाही. पण फोटो घेताना आरसा असा आपटतो की शेजारी विचारतील काय पडलं. "हा जावयासारखा," वहिनी म्हणाली. "दिसायला रुबाबदार, आवाज फार."

तिसरा पेटारा. आरसा ह्यालाही. ह्याचं भिंग भात्यावर पुढे-मागे होतं, म्हणून अगदी जवळचंही टिपता येतं. उभा फोटो हवा तर कॅमेरा आडवा करायचा नाही, नुसती मागची बाजू फिरवायची. निगेटिव्ह बाकीच्या दोघांपेक्षा मोठी, म्हणून रोलमध्ये बाराऐवजी दहाच फोटो. वजन मात्र अडीच किलोच्या पुढे. दादाने तो गळ्यात अडकवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि कंबर धरून परत आला. "ह्याच्याबरोबर हमाल द्यायला पाहिजे," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी वहिनी बसली. पाटीवरचे आकडे मी लिहिले, कारण ती म्हणाली तिला चष्मा सापडत नाही. चष्मा तिच्या डोक्यावर होता. मला वाटलं, वय झालं. काय ते डोळे माझे!

इथे दादाची एक सवय सांगायला हवी. कॅमेऱ्याला जोडलेल्या तारेने शटर दाबलं की तो डोळे मिटतो आणि कान पुढे करतो. कॅमेरा दुरुस्त करणारा माणूस शटर ऐकतो. अर्ध्या सेकंदाला आतली चाकं जी बारीक खरखर करतात, तिच्यावरून त्याला कळतं की शटर केसभर आधी मिटतंय की बरोबर. जोडणी, साफसफाई, हे सगळं तो डोळ्यांनी करतो, पण शेवटचा निकाल कानाचा. फोटोच्या आधी वहिनीकडे टक लावून बघणार, पापणीवर नेम धरणार, आणि ऐन वेळी डोळे मिटणार.

तीन रोल मी धुतले. सुकवले. दादाने भिंग लावलं, आणि त्याच्या कपाळावर आठी चढली.

तोंड उघडं असतानाचे पहिले फोटो ठीक होते. पण जसजसं तोंड लहान, तसतशी पापणी पुसट. शेवटच्या फोटोत तर डोळ्यावर नुसती सावली. हे उलटंच झालं. भिंगाचं तोंड लहान केलं की चित्र साधारणपणे जास्त स्पष्ट होतं, हे आमच्या घरात मांजरालाही माहीत आहे. आणि हे तिन्ही कॅमेऱ्यांत.

"तोंड लहान केलं की भिंगाचा नेम सरकतोय," दादाने निकाल दिला.

"तिघांचाही?" मी विचारलं.

"तिघेही एकाच कपाटात होते. ओल लागली असणार. एकच रोग."

शहाण्या माणसाने एकदा चुकीची दिशा धरली की त्याचं शहाणपणच त्याला लांब घेऊन जातं. दादाने तिन्ही कॅमेरे उघडले. आठ दिवस टेबलावर पितळी कड्या, पातळ पात्या, स्क्रू आणि पांढऱ्या कापडावर मांडलेली भिंगं. सगळं पुसलं, पुन्हा जोडलं, पुन्हा रोल काढले, पुन्हा तेच. पुन्हा उघडलं. त्याचं जेवण कमी झालं. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, तर तो आतून म्हणाला, मी घरी नाही म्हणून सांग. माझा भाऊ खोटं बोलत नाही. बोलायची वेळ आली तेव्हा त्याला ते जमलंही नाही, कारण तो एवढ्या मोठ्याने ओरडला की निरोप्याने ऐकलं.

नवव्या दिवशी तो जेवताना म्हणाला, "केसांचे टोप विकणाऱ्याकडे प्लास्टरची डोकी मिळतात. पापण्या लावलेली. एक सांगून ठेवलंय. माणसाच्या पापणीचा काही भरवसा नाही, एखादी गळलेली असायची. डोक्याचं तसं नाही."

वहिनी वाढत होती. तिने भाताचा चमचा परत पातेल्यात ठेवला आणि आत गेली.

दुपारी मी डार्करूममध्ये पेटाऱ्याचा शेवटचा फोटो मोठा करायला घेतला. कागद औषधात सोडला. आधी खिडकीची कड आली, मग खुर्ची, मग वहिनी. खुर्चीच्या उंच पाठीला बाजूला एक खांब आहे, त्यावर एक जुना स्क्रू. तो वहिनीच्या डोळ्याच्या रांगेतच येतो, डोळा जेवढ्या अंतरावर तेवढ्याच अंतरावर तो. त्या स्क्रूच्या डोक्यावरची चीर मला दिसली. चिरेतला गंज दिसला. सुरीने कापल्यासारखा स्वच्छ. आणि त्याच्या शेजारी चार बोटांवर वहिनीचा डोळा धुरात.

भिंग चुकलं असतं तर स्क्रूही पुसट आला असता. कॅमेरा हलला असता तर खुर्चीही हलली असती. कॅमेऱ्यांना काहीही झालेलं नव्हतं. हलत होती ती वहिनी. डोक्यावरचा चष्मा का सापडत नव्हता, ते मला आता कळलं. तिला खडू धरायचा नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनीने चहा टाकलेला. कप अर्धेच भरले.

"अर्धाच का?"

"तुमचं वजन वाढतंय, वन्सं."

"माझं राहू दे. हा कप पूर्ण भर आणि माझ्या हातात दे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग कप भरला, उचलला. बशीवर कप वाजायला लागला, अगदी बारीक. मान किंचित नाही-नाही म्हणत होती, जणू कोणी तिला काहीतरी विचारतंय आणि ती नकार देतेय. चहा सांडायच्या आत मी कप घेतला. नंतर तिचे दोन्ही हात धरून मी खाली बसले, आणि आधी मीच रडले. तिलाच मला गप्प करावं लागलं.

"कधीपासून?"

"चार-पाच महिने. धरून ठेवलं तर राहतं. पण त्या अर्ध्या सेकंदाला नाही राहत हो. मी सगळी भांडी घासते, चमचेसुद्धा, तरी नाही राहत."

"दादाला सांगू या. डॉक्टरकडे जाऊ."

"नाही." तिचा आवाज एकदम कडक झाला. "तुम्हाला माझी शपथ आहे. सांगायचं नाही."

"अगं, तो तिकडे चांगले कॅमेरे खोलत बसलाय! वेडा होईल!"

"होऊ दे. दोन दिवस वेडा झाला तर मरत नाही कोणी." तिने माझ्या हातांतून हात सोडवून घेतले. "वन्सं, तुमचा भाऊ दिवसभर कशाकडे बघतो? स्क्रूकडे. भिंगाकडे. जेवताना ताटाकडे. चौतीस वर्षांत तो माझ्याकडे सरळ कधी बघतो, सांगा. त्या खुर्चीत. दहा मिनिटं. कधी रोज, कधी महिन्याने. पापणी बघतो म्हणा, पण ती माझीच ना? तिथून मी उठले की ती दहा मिनिटं संपली."

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. बायको की मोजपट्टी, असं मी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, आणि ती इतकी वर्षं त्या खुर्चीत काय घेत होती ते मला दिसलंच नव्हतं. मी शपथ घेतली. सांगणार नाही म्हणाले.

पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. ते मी आयुष्यात एकदाच करून बघितलं, दोन वर्षं, सासरी.

दुसऱ्या दिवशी दहाला दादाने दोन डोळ्यांचा स्टँडवर चढवला. त्याने तो तिसऱ्यांदा जोडला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. वहिनी बसली, पाटी मांडीवर टेकवून. मी डार्करूममधून बाहेर आले.

"दादा, आज तू शटर ऐकू नकोस. मी ऐकते. तू काचेत बघ."

"कशाला?"

"तुलना करतोयस ना? मग ही पण कर. ठोकळा आणि पेटारा, फोटो घेताना त्यांचा आरसा वर जातो आणि काच काळी होते. ऐन वेळी ते आंधळे. हा एकटा असा आहे की शटर उघडं असतानाही वरच्या भिंगातून समोरचं दिसत राहतं. दिसतं ते बघितलंयस कधी?"

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मी जळून खाक व्हायला हवं होतं. पण मी काही सांगितलं नव्हतं. शपथ मोडली नव्हती, थोडी वाकवली होती.

दादा वाद घालणार होता. पण आठ दिवसांनी दमलेला माणूस कोणाचंही ऐकतो. त्याने मान खाली घातली, काचेवर झुकला, तिच्यावरचं छोटं भिंग उघडून डोळा लावला. "आता," म्हणाला आणि तार दाबली.

अर्धा सेकंद. मी शटर ऐकलं. अगदी बरोबर होतं.

दादाने मान वर केली नाही. फिल्म पुढे केली. "आता." पुन्हा. मग पुन्हा. तोंड लहान-मोठं करायची कडी त्याने फिरवलीच नाही. प्रत्येक वेळी अर्धा सेकंद, प्रत्येक वेळी तो खाली बघतोय. वहिनीने मान ताठ धरली होती, जबडा घट्ट, आणि डोळ्यांत पाणी भरत चाललं होतं, पण तिने पापणी लववली नाही. बारा फोटो झाले. फिल्म संपल्यावर हँडल सैल फिरलं, तरी तो ते फिरवत राहिला.

"कधीपासून?" त्याने काचेतच विचारलं.

"झाले चार-पाच महिने."

"मला दिसलं कसं नाही?"

"अहो, तेव्हा तुम्ही डोळे मिटलेले असता," वहिनी म्हणाली. त्यात राग नव्हता. जेवायला बसा म्हणावं तशा आवाजात ती म्हणाली.

दादाने मान वर केली. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा ओठ काढून उभा. मी डार्करूममध्ये गेले आणि दार लावलं.

दुसऱ्याच दिवशी ते दोघं डॉक्टरकडे गेले. हे थरथरणं जिवावरचं नाही, पण जाणारही नाही, गोळीने थोडं आटोक्यात राहील, वय वाढेल तसं वाढेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत येताना दादाने वहिनीचा हात धरला होता. भर रस्त्यात. शेजारीण गॅलरीतून बघत होती, तिला आठवडाभर विषय पुरला.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तिन्ही कॅमेरे ओळीने मांडले होते. दादाने प्रत्येकाचा एक मोठा फोटो मला करायला लावला होता, त्या खांबाच्या स्क्रूचा.

"चित्र पेटाऱ्याचं सगळ्यांत चांगलं," तो म्हणाला. "ह्यात वाद नाही. मोठी निगेटिव्ह ती मोठी. पण तो तुम्ही कपाटातून काढणार नाही, वजन आठवलं की उद्या बघू म्हणाल. ठोकळा हातात छान, भिंगं बदलता येतात, चित्र पेटाऱ्याच्या जरासंच मागे. दोन डोळ्यांच्याचं चित्र मधे स्वच्छ, कडांना थोडं मऊ, तोंड लहान केलं की तेही सुधारतं. भिंग बदलता येत नाही. उलटं दिसतं, त्याची सवय करावी लागेल."

"मग ठोकळा?"

"नाही. दोन डोळ्यांचा घ्या."

"का?"

दादा थोडा वेळ कॅमेऱ्यावरून बोट फिरवत राहिला. "फोटो निघत असताना समोरचं माणूस दिसत राहतं," तो म्हणाला. "बाकीच्यांत ते तेवढ्यापुरतं नाहीसं होतं. तेवढ्यात काय काय होऊन जातं."

बाईंनी बाकीचे दोन पिशवीत भरले. दोन डोळ्यांचा गळ्यात अडकवला आणि गेल्या.

पुढच्या आठवड्यात प्लास्टरचं डोकं आलं. सुबक होतं, गुलाबी ओठांचं. वहिनीने स्वतःच ते दोन उशा रचून खुर्चीवर बसवलं. "पापण्या माझ्यापेक्षा दाट आहेत हो," ती म्हणाली आणि हसली. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा कॅमेरा त्या डोक्यावर तपासला. बारा फोटो, बारा स्वच्छ. डोक्याने श्वास घेतला नाही, तक्रार केली नाही, आणि मला ते मनापासून आवडलं नाही. आत वहिनी भांडी घासत होती, खरीखुरी, आणि ती जरा जास्तच वाजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी दार उघडून बघितलं. दादाने डोकं उचलून फडताळात ठेवलं होतं. स्टँडवर त्याचा स्वतःचा जुना दोन डोळ्यांचा कॅमेरा होता.

"अगं, ये," त्याने हाक मारली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. "कुठला कॅमेरा आलाय?"

"कुठलाच नाही."

"रोल घातलाय?"

"नाही."

"मग मी कशाला बसू? मी आता स्थिर बसत नाही."

"नको बसू स्थिर," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मला बघायचंय."

वहिनी तशीच उभी राहिली. ओल्या हातांचं पाणी फरशीवर टपकत होतं. चौतीस वर्षांत ती त्या खुर्चीत कशीही येऊन बसली होती, कधी पिठाच्या हातांनी, कधी विस्कटलेल्या अंबाड्याने, कारण पापणी सोडून तिचं काहीच कोणाला लागत नव्हतं.

"थांबा मग," ती म्हणाली. "केस नीट करून येते."

ती आत गेली ती पंधरा मिनिटं आली नाही. दूध उतू गेलं, गॅस मी बंद केला. दादा खुर्चीसमोर उभाच होता.